शिंकांच्या दिवसांतला काढा

गणपतीचे विसर्जन झाले की आमच्या घरात माझ्या शिंकांचे दिवस सुरू होतात. पावसाची झड थांबून ऊन तापू लागलेले असते, मुठेच्या काठाने आणि आसपासच्या रिकाम्या प्लॉटांवर गाजर गवताच्या पांढऱ्या चांदण्या फुललेल्या असतात, आणि सकाळी सहाच्या सुमारास गॅलरीचे दार उघडले की पहिली शिंक येते. ती एकटी कधीच येत नाही. तिच्या पाठोपाठ पंधरा-वीस शिंका येतात, नाकाला धार लागते, टाळूला आतून खाज सुटते आणि डोळे इतके चुरचुरतात की हातातल्या वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागतात. गेली अकरा वर्षे मी हे दरवर्षी अनुभवते आहे. या काळात करून पाहिलेल्या असंख्य काढ्यांपैकी आणि उकाळ्यांपैकी आता मोजकेच माझ्या स्वयंपाकघरात उरले आहेत. ते कसे करावेत, त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी आणि एखादी वनस्पती कितीही गुणाची असली तरी ती आपल्यासाठी नाही हे कसे ओळखावे, याविषयी सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. 'काढा घे' असे सांगणारे पावलोपावली भेटतात. पण काय उकळावे आणि काय मुळीच उकळू नये, हे सांगणारे फार थोडे असतात.

माझी ॲलर्जी नेमकी कशाची आहे हे कळायला पहिली चार वर्षे गेली. तोवर मी तिला ठरलेल्या वेळी येणारी सर्दीच समजत होते. पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी त्वचेवरची चाचणी करून घ्यायला सांगितले. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ओळीने ठेवून प्रत्येक थेंबातून सुईचे टोक हलकेच टोचले गेले, आणि पंधरा-वीस मिनिटांत एका थेंबाखाली वाटाण्याएवढी लालसर गांधी उठली. तो थेंब गाजर गवताच्या परागकणांचा होता. घरातल्या धुळीच्या थेंबाखाली अगदी लहानशी गांधी होती आणि बाकीची ओळ कोरी होती.

या गवताला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, तर कोणी चटकचांदणी म्हणतात. ते मूळचे अमेरिका खंडातले आहे. भारतातल्या त्याच्या फैलावाची सुरुवातीची ठळक नोंद १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यातच झाली, आणि परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी इथे पोचले असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझ्या दृष्टीने त्याच्या कुळाची माहिती सर्वांत महत्त्वाची ठरली. गाजर गवत हे सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांच्याच कुळातले आहे. या माहितीचा आणि काढ्याचा काय संबंध, हे मला एका वाईट आठवड्यात कळले. त्याविषयी पुढे लिहिते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काढ्याने ॲलर्जी जात नाही. परागकण नाकाच्या ओलसर अस्तरावर बसतो, ज्या शरीराने त्याला एकदा परका ठरवलेले असते त्या शरीराच्या पेशींमधून हिस्टामीन नावाचे रसायन बाहेर पडते, आणि शिंका, पाणी, खाज, सूज हे सारे त्यातून घडते. कपभर तुळशीचे पाणी प्यायल्याने ही साखळी तुटते असे कोणी सांगू लागले तर मी ते मान्य करणार नाही. मग मी दररोज काढा का करते? कारण आराम हीसुद्धा लहान गोष्ट नाही. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ साली झालेला एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. सर्दी झालेल्या तीस जणांना फळांचे एकच पेय, गरम आणि नेहमीच्या तापमानाचे, देऊन त्यांच्या त्रासात काय फरक पडतो ते तिथे पाहिले गेले. नाकातून वाहणारी हवा यंत्राने मोजली तेव्हा गरम पेयाने तिच्यात वाढ झालेली आढळली नाही. तरीही वाहते नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव आणि थकवा यांत त्या लोकांना लगेच आराम वाटला, आणि तो काही काळ टिकलाही. ती सर्दी विषाणूची होती आणि माझी परागकणांची आहे, हा फरक मी विसरत नाही. पण रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा सुकून गेलेल्या माणसाला पहाटे कोमट, सुगंधी, किंचित तिखट असे काही मिळाले की त्याचा जीव थाऱ्यावर येतो, हा अनुभव माझा रोजचा आहे.

काढा करायला मला खऱ्या अर्थाने शिकवले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिथल्या विहिरीच्या कडेला गवती चहाचे मोठे बेट होते आणि घरात कोणी शिंकले की पाती कापून आणायचे काम मुलांकडे असे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी गवती चहा, तुळस, आले, मिरे हे सगळे एकाच पातेल्यात घालून उघड्यावर वीस मिनिटे खळखळ उकळत ठेवले होते. घरभर सुगंध पसरला होता आणि मला त्याचे समाधानही वाटत होते. त्या आतल्या खोलीतून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, सगळा वास स्वयंपाकघरात उधळलास, आता भांड्यात काय उरलं?" मी म्हटले, "आई, उकळल्याशिवाय अर्क कसा उतरणार?" त्यांनी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाणी उकळले, गॅस बंद करून त्यात गवती चहाची पाती घातली आणि वर घट्ट झाकण ठेवले. सात-आठ मिनिटांनी ते झाकण उचलून त्यांनी उलटे केले आणि माझ्या नाकाजवळ धरले. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते आणि त्या थेंबांना लिंबाच्या सालीसारखा तीव्र वास येत होता. ते थेंब त्यांनी झाकण तिरपे करून पुन्हा पातेल्यात निथळू दिले. "हा तुझा अर्क," त्या म्हणाल्या.

त्यांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता, पण त्यांच्या हाताला ठाऊक असलेला हा भेद ग्रंथांतही आहे. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या निरनिराळ्या पद्धती सांगितल्या आहेत. कठीण द्रव्ये सोळा पट पाण्यात मंद आचेवर उकळून पाणी एक अष्टमांश उरेपर्यंत आटवली तर तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. भरडलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतून थोड्या वेळाने गाळले तर तो फांट. आणि सहा पट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळले तर तो हिम. घरी रोज प्यायचे पेय ग्रंथातल्या क्वाथाइतके दाट नसते आणि तसे ते असूही नये; पण तत्त्व तेच लागू पडते. सुंठ, मिरे, दालचिनी आणि ज्येष्ठमध ही कठीण, सुकी द्रव्ये आहेत आणि त्यांना उकळावे लागते. गवती चहा, तुळस आणि पुदिना यांचा जीव त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा असतो आणि तुळशीचा लवंगेशी नाते सांगणारा वास युजेनॉलचा असतो. ही तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून आपण ज्याला सरसकट काढा म्हणतो तो खरे तर अर्धा क्वाथ आणि अर्धा फांट असायला हवा.

माझी रोजची कृती अशी आहे. दोन कपांसाठी अडीच कप पाणी घेते. त्यात अर्धा इंच आले ठेचून, तीन-चार मिरे दरदरीत कुटून आणि दालचिनीचा नखाएवढा तुकडा घालते, आणि मंद आचेवर दोन कप उरेपर्यंत उकळू देते. याला बारा-पंधरा मिनिटे लागतात. मोठ्या आचेवर पाणी लवकर आटते, पण मिऱ्याचा तिखटपणा उतरत नाही आणि आल्याचा कच्चा वास तसाच राहतो. गॅस बंद केल्यावर उकळी पूर्णपणे बसू देते, मग गवती चहाची चार पाती कात्रीने बोटभर लांबीची कापून आणि तुळशीची आठ-दहा पाने हातानेच चुरडून आत टाकते आणि झाकण ठेवते. पाती सुरीने कापण्यापेक्षा कात्रीने कापणे बरे, कारण त्यांच्या कडा धारदार असतात आणि बोटाला चीर पडते. सात-आठ मिनिटांनी झाकणावरचे थेंब आत निथळवून पेय गाळते. रंग फिकट सोनेरी यायला हवा. तो गडद तपकिरी झाला तर आले किंवा दालचिनी जास्त पडली आहे असे समजावे, आणि असे पेय रिकाम्या पोटी घेऊ नये, कारण छातीत जळजळ होते.

दालचिनीबद्दल एक खुलासा येथेच करते. किराणा दुकानात सहसा मिळणारी जाड, कडक सालीची दालचिनी ही कॅशिया असते आणि तिच्यात कौमारिन नावाचे द्रव्य बरेच असते, जे दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेले तर यकृताला अपायकारक ठरू शकते. श्रीलंकेची दालचिनी पातळ, कागदासारख्या अनेक पदरांची असते आणि बोटांनी सहज मोडते. रोज काढा घ्यायचा असेल तर तीच वापरावी, नाहीतर दालचिनी सोडून द्यावी. पेयाचे फारसे काही बिघडत नाही.

नाकातले पाणी घशात उतरून कफ साचतो आणि रात्री खोकला सुरू होतो, तेव्हा मात्र तुळस-आल्याने भागत नाही. त्यासाठी आमच्याकडे अडुळसा आहे. सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी त्याचे झुडूप सासूबाईंनीच लावलेले आहे. पांढऱ्या फुलांवर जांभळट रेषा असल्यामुळे ते लांबूनही ओळखू येते. अडुळशाचे पान नुसते वाटले तर रस जवळजवळ निघतच नाही, म्हणून पाने आधी वाफवून घ्यावी लागतात. इडलीच्या भांड्यात दहा मिनिटे वाफवलेली पाने गडद, मऊ आणि किंचित चिकट होतात. ती फडक्यात गुंडाळून पिळली की चमचाभर हिरवट-काळा, कमालीचा कडू रस मिळतो. त्यात रस कोमट झाल्यावर मध घालून आम्ही तो घेतो. या पानातल्या व्हॅसिसीन या द्रव्याचा अभ्यास करूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर लिहिलेले अँब्रॉक्झॉल हे त्याच ब्रोमहेक्झिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य आहे. कुंपणाशी उगवणाऱ्या झुडपाची ही कहाणी मला मनापासून अभिमानाची वाटते. पण ज्याच्यात औषधाइतकी ताकद असते ते औषधाइतक्याच काळजीने घ्यावे लागते: अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन वाढवू शकतो, म्हणून गर्भारपणात तो कोणत्याही रूपात घेऊ नये.

आता त्या वाईट आठवड्याविषयी. चार वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर माझी मावसबहीण परदेशातून आली आणि येताना तिने माझ्यासाठी कॅमोमाइलच्या वाळलेल्या फुलांचा सुंदर डबा आणला. ही फुले शांत झोपेसाठी आणि सर्दीसाठी जगभर वापरली जातात, चवीला सौम्य असतात आणि त्यांचा वास थेट सफरचंदासारखा येतो. मी मोठ्या आवडीने त्यांचा फांट करून रोज रात्री घेऊ लागले. पहिल्या रात्री ओठांना किंचित मुंग्या आल्या, त्याकडे मी लक्ष दिले नाही. तिसऱ्या रात्री टाळू आणि कानाच्या आत अशी खाज सुटली की मी दोन वाजेपर्यंत जागी होते, आणि सकाळी पापण्या सुजून डोळे अर्धे मिटले होते. मला वाटले, यंदा हवेत परागकणच जास्त आहेत. म्हणून त्रास कमी व्हावा या भाबड्या समजुतीने मी चहा दिवसातून दोनदा घेऊ लागले. आठवड्याच्या शेवटी छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवीन काय खाता-पिता आहात?"

कॅमोमाइल हेही सूर्यफुलाच्याच कुळातले फूल आहे. या कुळातल्या वनस्पतींच्या परागकणांमधली काही प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाला चिडणारे शरीर दुसऱ्यालाही तसेच चिडू शकते. वाळलेल्या फुलांचा चहा म्हणजे त्या फुलांतले परागही आपण पाण्यात उतरवून पीत असतो. गाजर गवताने बेजार झालेली मी, त्याच्याच भाऊबंदाचा काढा करून रोज रात्री श्रद्धेने पीत होते. शेवंतीच्या फुलांचा चहा, ज्याची आता दुकानांत चांगलीच विक्री होते, तो आणि खोकला-सर्दीच्या मिश्रणांत असणारी एकिनेशिया ही त्याच कुळातली वनस्पती यांनाही हेच लागू आहे. ज्यांना गाजर गवताची ॲलर्जी आहे त्या सर्वांना यांचा त्रास होईलच असे नाही. परंतु ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांनी ही फुले टाळावीत आणि कोणत्याही तयार 'हर्बल' मिश्रणाच्या वेष्टनावरची घटकांची यादी पुढच्या बाजूवरच्या चित्रापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावी, असे मी कळकळीने सांगेन. तुळस पुदिन्याच्या कुळातली आहे, आले हळदीच्या कुळातले आहे आणि ज्येष्ठमध वाटाण्याच्या कुळातला आहे. माझ्या बाबतीत तरी त्यांनी कधी दगा दिला नाही. गवती चहा हा मात्र गवताच्याच कुळातला आहे, म्हणून नवीन माणसाला देताना मी आधी दोन घोटच देते. त्यात पाती असतात, फुले नसतात, आणि आमच्याकडे अजून कोणाला त्याचा त्रास झालेला नाही.

ज्येष्ठमधाचा उल्लेख वर आला आणि माझ्या रोजच्या कृतीत मात्र तो नाही, यालाही कारण आहे. घशाला त्याच्याइतका आराम दुसऱ्या कशानेच मिळत नाही. ठेचलेल्या कांडीचा तुकडा उकळला की पाण्याला साखरेविना गोडी येते आणि घशावर मऊ लेप बसल्यासारखे वाटते. मी तो सगळ्यांच्याच काढ्यात घालत असे. मग एका ऑक्टोबरमध्ये सासऱ्यांचा रक्तदाब, जो गोळीने वर्षानुवर्षे ताब्यात होता, एकाएकी वाढू लागला, आणि डॉक्टरांनी गोळी बदलण्याआधी काढ्याची चौकशी केली. ज्येष्ठमधाला गोडी देणारे ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब चढवते. काढ्यातून ज्येष्ठमध काढला आणि तीन आठवड्यांत त्यांचे आकडे पूर्ववत झाले. आता माझ्यासाठीही मी तो घसा फारच दुखत असेल तेव्हा दोन-तीन दिवसांपुरताच वापरते.

अतिरेकाचा मोठा धडा आपण सगळ्यांनीच २०२० साली घेतला. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या आयुष क्वाथात तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि मिरे एक भाग असे साधे प्रमाण होते आणि तो दिवसातून एक-दोनदाच घ्यायचा होता. प्रत्यक्षात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत तो पाण्याऐवजी प्यायला गेला आणि लोक तोंड आल्याची, पोटात आग पडल्याची तक्रार करू लागले. उष्ण द्रव्ये मुळात पित्त वाढवणारी, आणि त्यातही ऑक्टोबरचा उन्हाळा हा आपल्याकडे पित्ताचाच काळ मानला जातो. म्हणून या दिवसांत मी सुंठ वापरतच नाही, ओले आलेही जपून घालते, आणि दुपारनंतर मिरे पूर्णपणे वगळून नुसता गवती चहा आणि पुदिना यांचा फांट घेते. धण्याचा हिमही याच दिवसांत फार चांगला लागतो: चमचाभर धणे भरडून वाटीभर पाण्यात रात्री झाकून ठेवावेत आणि सकाळी गाळून प्यावे. त्याने शिंका थांबत नाहीत, पण काढ्याने पडणारी आग शमते.

हळदीच्या दुधाबद्दल मला पुष्कळजणी विचारतात. हळदीतले कर्क्युमिन नुसते घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळूरमधल्या संशोधकांनी मिऱ्यातल्या पायपेरिनबरोबर ते दिल्यास त्याचे शोषण अनेक पटींनी वाढते असे दाखवले होते. त्यामुळे दुधात हळदीबरोबर चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा तूप घालण्याची आपली जुनी रीत विचारपूर्वकच पडलेली असावी असे मला वाटते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्यांनी मात्र हळद आणि आले रोज औषधासारखे घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मध कधीही उकळत्या पेयात घालू नये आणि एक वर्षाखालच्या बाळाला तो मुळीच चाटवू नये. आपल्या भागातला मध खाल्ल्याने परागकणांची सवय होते, हा समज मात्र मी सोडून दिला आहे.

रोजचा क्रम सांगायचा तर सकाळी उठल्यावर आधी नाक कोमट मिठाच्या पाण्याने धुते, आणि त्यासाठी पाणी नेहमी उकळून गार केलेलेच घेते. मग काहीतरी खाऊन कपभर काढा, दुपारी फांट आणि रात्री कफ असेल तरच अडुळसा. डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा या दोन महिन्यांत मी एक दिवसही चुकवत नाही आणि काढ्याने बरे वाटते म्हणून तो बंद करण्याचा विचारही करत नाही. श्वासाला शीळ येऊ लागली, जिना चढताना धाप लागली किंवा ओठ-जीभ सुजली, तर पातेले चुलीवर न ठेवता थेट डॉक्टरांकडे जायचे, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

गॅलरीतल्या कुंडीत गवती चहाने यंदा चांगलेच अंग धरले आहे, म्हणून गेल्या रविवारी त्याचे तीन फुटवे सोडवून शेजारच्या काकूंना दिले. त्यांच्या नातवालाही याच दिवसांत शिंका येतात. त्याची चाचणी अजून झालेली नाही, तेव्हा पहिले काही दिवस तुळस, आले आणि गवती चहा हे प्रत्येक वेगवेगळे, एकेक करून द्या, सगळे एकत्र नको, असे त्यांना सांगितले आहे. सोसायटीतल्या मुलांनी ऑगस्टमध्येच मागच्या प्लॉटवरचे गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटले. मी लांब उभी राहून त्यांना सरबत दिले. दसऱ्याला आमच्या दाराला आता काही वर्षे आंब्याच्या पानांचेच तोरण असते. झेंडू देवघरापुरता येतो आणि तो सासूबाई ओवतात. त्या वेळी मी स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवून उभी असते.